राजाबाई जहाजावर, त्रिंबकराव धक्क्यावर

"नाव?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"आता ते बी सांगू का?" राजाबाई म्हणाल्या.

"सांगायचं. तिथं तुझ्या वळखीचं कुणी बसलेलं नसतंय."

उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून बंदर थाटलं होतं. स्वयंपाकघराचा उंबरा म्हणजे बंदराचं फाटक, शिलाई मशीन म्हणजे तपासणीचं टेबल आणि खिडकीखालचा दिवाण म्हणजे जहाज. मशीनमागे त्रिंबकराव शिंगाडे टोपी घालून, चष्मा लावून बसले होते. जहाजावर चढताना काय काय होतं, कुठे काय दाखवायचं, कुठे काय द्यायचं, हे सगळं सांगणारी चौदा पानी इंग्रजी पुस्तिका त्यांच्यासमोर उघडी होती. प्रत्येक पानाच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने मराठीत टिपणं काढली होती.

त्रिंबकराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं त्यांनी बसस्थानकाच्या खिडकीतून गंगापूर, कन्नड, सोयगाव अशा गाड्या सोडल्या होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी घरातून कुणी बाहेर पडताना ते घड्याळाकडे बघतच. त्यामुळे जहाजावर जायचं ठरल्यावर त्यांनी तालीम काढली, यात राजाबाईंना नवल वाटलं नाही.

जहाजाचं मूळ मात्र राजाबाईंच्या एका शब्दात होतं. सोयगावच्या बाजूला, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, मेंढरांमागे हिंडण्यात त्यांचं लहानपण गेलं. लग्न होऊन शहरात आल्या आणि पुढे एका शाळेत शिपाई म्हणून लागल्या. सव्वीस वर्षं रोज सकाळी सातवीच्या वर्गात जगाचा नकाशा खुंटीला टांगायचा आणि ओल्या फडक्याने पुसायचा, हे त्यांचं पहिलं काम. जमीन चटकन पुसून व्हायची. निळं मात्र संपता संपायचं नाही. पुसता पुसता त्यांचा हात हळू व्हायचा, डोळे कुठेतरी जायचे, आणि मुख्याध्यापकांना दारातून दोनदा घंटेची आठवण करून द्यावी लागायची. मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या तेव्हा पुण्याच्या रामकिसनने, त्यांच्या मुलाने, फोनवर विचारलं, "आई, तुला काय आणू?"

"समुद्र दाखीव," राजाबाई म्हणाल्या होत्या.

रामकिसनने दोन रात्रींची जहाजाची सफरच काढून दिली. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं आणि मुंबईलाच परत यायचं.

"आता सामान," त्रिंबकरावांनी पान उलटलं. "फाटकावर हमाल येतील. सामान त्यांच्या हवाली करायचं. ते संध्याकाळपर्यंत आपल्या खोलीच्या दारात येतं. कागदपत्रं मात्र हँड बॅगेजमध्ये. हँड म्हंजी हात. हातात धरायची बॅग."

घरात दोन बॅगा होत्या. एक रामकिसनने दिलेली चाकांची, एक त्रिंबकरावांची जुनी रेक्झिनची. त्रिंबकरावांनी दोन्हींकडे बघितलं. एक ओढायची होती, एक हातात धरायची होती. प्रश्न मिटला. त्यांनी आपलं आधार कार्ड प्लॅस्टिकच्या फाइलीत घातलं आणि फाइल रेक्झिनच्या बॅगेच्या अगदी तळाशी, सुरक्षित ठेवली.

"तुझं बी कार्ड दे."

"माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या," राजाबाईंनी कमरेच्या बटव्यावर हात ठेवला.

"कागदं एका जागी असावीत."

"तुमची तुमच्या जागी, माझी माझ्या जागी."

तेवढ्यात शेजारच्या द्वारकाबाई आल्या. गल्लीत जहाजावर जाऊन आलेल्या त्या एकट्याच. त्यामुळे दोन दिवस त्यांचा भाव वधारला होता.

"काय सांगू राजाबाई, आत समदे गालिचे. जेवण तर हवं तेवढं," त्या म्हणाल्या. "पर तिखट म्हणशील, तर नाय. बिलकुल नाय."

"आन् अंघोळीला गरम पाणी?" त्रिंबकरावांनी विचारलं.

द्वारकाबाई जरा घुटमळल्या. "मी काय अंघोळीसाठी गेले नव्हते."

झालं. संध्याकाळी राजाबाईंनी अकरा धपाटे आणि शेंगदाण्याचा ठेचा केला, ते सगळं रेक्झिनच्या बॅगेत गेलं. त्रिंबकरावांनी न्हाणीतला पाणी तापवायचा रॉड वर्तमानपत्रात गुंडाळला, तोही त्याच बॅगेत गेला. बॅगेवर बसून चेन लावली, तेव्हा फाइलीवर अख्खा संसार चढला होता.

सकाळच्या गाडीने ते मुंबईला निघाले. मनमाड गेलं, नाशिक गेलं, घाट उतरला. राजाबाई खिडकीशी बसून होत्या. घाटाखाली कुठेही चमकतं पाणी दिसलं की त्या त्रिंबकरावांच्या दंडाला हात लावायच्या.

"ह्यो का?"

"खाडी हाय. नीट बस."

स्टेशनवरून टॅक्सीने बंदर दहा मिनिटांवर निघालं. टॅक्सीतून उतरल्यावर राजाबाई मान वर करून उभ्या राहिल्या. समोर पांढरी भिंत होती. भिंतीला खिडक्या होत्या, खिडक्यांवर खिडक्या, त्यांच्यावर कठडे, आणि एवढ्या उंचावरून माणसं हात हलवत होती.

"ही कोनती इमारत?"

"जहाज हाय ते!" त्रिंबकराव म्हणाले. त्यांचा आवाजही जरा बारीक झाला होता.

"आन् समुद्र कुठंय?"

"त्याच्या मागं."

राजाबाईंनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. समुद्र बघायला तीनशे किलोमीटर यावं आणि जहाजानेच त्यावर पडदा धरावा, याची त्यांना गंमत वाटली. त्या पडद्यामागून खारट, ओलसर वास येत होता. त्या वासाने त्यांचं डोकं हलकं झालं.

पुढचं सगळं मात्र पुस्तिकेबरहुकूम घडत गेलं. फाटकावर निळ्या सदऱ्यातला हमाल आला. त्याने दोन्ही बॅगांना नावाच्या आणि खोली नंबरच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन्ही उचलून यंत्राच्या पट्ट्यावर टाकल्या. काळा पट्टा सरकला, बॅगा रबरी पडद्याआड गेल्या.

"बघितलंस?" त्रिंबकराव खूश होऊन म्हणाले. "पान चार."

आत थंडगार दालन होतं. रांग लांब होती, पण भराभर पुढे सरकत होती. दीड वाजता ते टेबलाशी पोचले. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्याने तिकिटं बघितली आणि हात पुढे केला. "ओळखपत्र, मूळ प्रत."

राजाबाईंनी बटव्यातून कार्ड काढलं. त्रिंबकरावांनी उजव्या हाताकडे बघितलं. उजवा हात रिकामा होता. मग त्यांनी डाव्या हाताकडे बघितलं.

"हातातल्या बॅगेत हाय," ते म्हणाले.

"कुठे आहे बॅग?"

"तुमच्या मानसानं नेली."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "काका, ती खोलीत जाते. संध्याकाळी मिळेल. पण गेट साडेतीनला बंद होतं आणि कार्डाशिवाय मी तुम्हाला आत सोडू शकत नाही."

"संध्याकाळी कार्ड मिळंल, पर कार्ड असल्याबिगर संध्याकाळी तिथं मी असनार नाय," त्रिंबकरावांनी हिशेब मांडला.

"बरोबर," अधिकारी म्हणाला.

रामकिसनला फोन झाला. त्याच्याकडे कार्डाचा फोटो होता. अधिकाऱ्याने मान हलवली. फोटो चालत नव्हता. वरच्या साहेबांना विचारून झालं. त्यांनाही चालत नव्हता. शेवटी एकच वाट उरली. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी वर जावं, बॅग शोधावी, कार्ड काढावं आणि जहाजाच्या दारातल्या माणसाकडे द्यावं. तो ते खाली पोचवील.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत राजाबाई एकट्या सोयगावच्या पलीकडे कुठे गेल्या नव्हत्या.

"मी नाय जायची," त्या म्हणाल्या. "घरी जाऊ. समुद्र ऱ्हायला तर ऱ्हायला."

त्रिंबकरावांनी टेबलावरचं राजाबाईंचं कार्ड उचललं आणि त्यांच्या मुठीत दिलं.

"चूक माझी हाय. तू जा. कार्ड घावलं तर लई चांगलं. नाय घावलं तर तू खाली उतरायचं नाय. ऐकलंस? दोन दिस फिरून ये. मी हितंच कुठंतरी थांबतो."

एवढं सैल सोडून बोलताना राजाबाईंनी नवऱ्याला कधी ऐकलं नव्हतं. त्या वळल्या आणि एकट्याच पुढे निघाल्या.

पुढे यंत्राची कमान होती, बाईपोलिसाने अंग चाचपलं, बटव्यातली सुपारी हुंगून परत दिली. त्यापुढे एक छायाचित्रकार उभा होता. त्याच्या मागे कापडावर छापलेला समुद्र होता, नारळाची झाडं, मावळता सूर्य.

"या मॅडम, इथे उभ्या राहा. सर कुठे आहेत?"

"मागून येनार हायेत," राजाबाई म्हणाल्या आणि उजवीकडे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून उभ्या राहिल्या.

"मध्ये या ना."

"नको. त्यांची जागा ऱ्हाऊ द्या."

मग उतरती-चढती शिडीवाट. दोन्ही बाजूंना कापड लावलेलं, त्यामुळे खाली काय आहे ते दिसत नव्हतं. फक्त पायाखाली काहीतरी अगदी हळू श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत होतं. जहाजाच्या दाराशी मऊ तांबडा गालिचा सुरू झाला. राजाबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि आत पाऊल टाकलं.

आत दिवसाच दिवाळी होती. काचेची झुंबरं, काचेच्या लिफ्ट, कुठूनतरी पियानो वाजत होता. सात हजार चौदा नंबरची खोली शोधताना त्यांना वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वप्नात चुकून शिरलो आहोत आणि ज्याचं स्वप्न आहे तो अजून जागा झालेला नाही. खोली सापडली. दारात चाकांची बॅग उभी होती, त्रिंबकराव म्हणाले तशी उगवलेली. रेक्झिनची नव्हती.

झाडू घेऊन चाललेल्या एका कामगाराला त्यांनी थांबवलं. त्याला मराठी येत नव्हतं, त्यांना त्याची भाषा येत नव्हती. राजाबाईंनी हाताने हवेत रेक्झिनची बॅग काढून दाखवली, तिची दोरी बांधलेली मूठ दाखवली. त्याने तीन बोटं वर केली आणि जमिनीकडे दाखवलं. तिसरा मजला, खाली.

तिसऱ्या मजल्यावर, लांबच लांब टेबलावर, अडवलेल्या बॅगा रांगेने ठेवल्या होत्या. इस्त्र्या, विजेच्या किटल्या, लोणच्याच्या बरण्या. कुणीतरी अख्खा नारळ आणला होता. टेबलामागे काळ्या गणवेशात एक तिशीची बाई उभी होती.

"ती आमची," राजाबाईंनी बोट दाखवलं.

"नाव?"

"राजाबाई शिंगाडे."

बाईने पट्टी वाचली. "ही त्रिंबक शिंगाडे यांच्या नावावर आहे. आत हीटर सापडलाय. आगीची भीती असते म्हणून अशा वस्तू चालत नाहीत. मालकासमोरच बॅग उघडायची, असा नियम आहे. त्यांना बोलवा."

"ते खाली हायेत. त्यांचं कार्ड ह्या बॅगेत हाय. कार्ड नाय म्हनून त्यांना वर सोडेनात."

"मग त्यांना वर येऊ द्या, मग उघडू."

"अगं बाई, ते वर येत न्हाईत म्हनून तर उघडायची हाय!"

काळ्या गणवेशातल्या बाईने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही कुठल्या, मावशी?"

"औरंगाबादच्या. म्हंजी आता संभाजीनगर. उस्मानपुऱ्यात ऱ्हातो."

"अगं माय!" बाईचा आवाज एकदम बदलला. "मी गंगापूरची. सरू. चार महिने झाले गावाकडं गेले नाय."

राजाबाईंना तिथेच मांडी घालून बसावंसं वाटलं. पण सरू लगेच सावरली. "पर नियम तो नियम, मावशी. ही तुमचीच बॅग हाय कशावरून?"

राजाबाईंनी डोळे मिटले. बॅग त्यांनीच भरली होती. "वर रॉड. पेपरात गुंडाळलेला, पेपरावर कापसाच्या भावाची बातमी. खाली त्यांचा टॉवेल, तांबड्या काठाचा, एका कोपऱ्यात जळालेला. मग सदरे दोन. मग फडक्यात धपाटे, अकरा. त्याच्या बाजूला डब्यात ठेचा. मग माझं एक पातळ. आन् तळाला फाइल."

सरूने आपल्या वरिष्ठाला बोलावलं. त्याच्यासमोर चेन उघडली. एकेक वस्तू राजाबाई म्हणाल्या त्याच क्रमाने बाहेर येऊ लागली. टॉवेलाचा जळका कोपरा बघून वरिष्ठ हसला आणि सही करून निघून गेला. धपाटे बाहेर आले तेव्हा सगळ्या टेबलावर तिळाचा आणि भाजल्या पिठाचा वास पसरला. सरूने तो वास छातीभर घेतला.

"बाहेरचं खानं बी आत चालत नाय, मावशी," ती हळूच म्हणाली. "लिहून घ्यावं लागंल. धपाटे, नग अकरा."

"दहा लिही," राजाबाई म्हणाल्या आणि एक धपाटा तिच्या हातावर ठेवला.

सरूने इकडे तिकडे बघितलं, भिंतीकडे तोंड केलं आणि चार घासांत धपाटा संपवला. मग तिने डोळे पुसले, वहीत दहा लिहिलं आणि फाइलीतून कार्ड काढून राजाबाईंच्या हातात दिलं.

"पळा आता. दोन मजले वर, डाव्या हाताला मोठं दार. तिथल्या माणसाकडं कार्ड द्या. अडीच वाजलेत, लई वेळ हाय."

राजाबाई दोन मजले चढल्या. डावीकडे वळल्या. पण जिना गोल होता आणि गोल जिन्यात डावं-उजवं कुणाला कळतं? दार मोठंच होतं. त्यांनी ते खांद्याने ढकललं आणि त्यांच्या अंगावर वारा आला.

बाहेर पाणी होतं.

कठडा होता, त्याच्याखाली पाणी, त्याच्यापुढे पाणी. नकाशातल्यासारखं निळं नव्हतं. राखाडी होतं, मध्ये मध्ये हिरवट, आणि उन्हाचा पट्टा पडला होता तिथे तापलेल्या पितळेसारखं. पण ते हलत होतं. सगळंच्या सगळं एकाच वेळी हलत होतं. लहानपणी डोंगराच्या माथ्यावरून त्यांनी बघितलं होतं, दिवस कलताना चारशे मेंढरं एकदम उताराला लागतात तेव्हा जमीनच चालायला लागते. तसं हे चालत होतं, पण मेंढरं खाली पोचतात, हे कुठेच पोचत नव्हतं. लांब होड्या उभ्या होत्या. त्याच्याही पलीकडे धुरकट डोंगरांची रांग होती. राजाबाईंना बरं वाटलं. पाण्याला दोन काठ असतात. हा एक काठ, तो दुसरा. मधला हा समुद्र. केवढा तरी.

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. चपला पायाशी ठेवल्या. एक पक्षी वाऱ्यावर नुसता टांगून राहिला होता, पंखही हलवत नव्हता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग पाण्याकडे बघितलं. मग पुन्हा पक्ष्याकडे. आपल्याला कुठेतरी जायचं होतं, असं एकदा पुसटसं वाटून गेलं. पण कसली घंटा आणि कसली शाळा, आता तर आपण निवृत्त झालो, असं मनाशी म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदम डोक्यावर भोंगा वाजला. सात वेळा तुटक, एकदा लांब. दारं उघडली, माणसांचा लोंढा बाहेर आला आणि राजाबाई त्या लोंढ्यात ओढल्या गेल्या. चपला तशाच कठड्यापाशी राहिल्या.

"घाबरू नका, ही फक्त सरावाची कवायत आहे," कर्ण्यावरून कुणीतरी सांगत होतं. "जहाज बुडायला लागलं तर काय करायचं, ते दाखवणार आहोत."

बुडायला लागलं म्हटल्यावर राजाबाई दचकून जाग्या झाल्या. हातात काहीतरी टोचत होतं. मूठ उघडून बघितली, तर त्रिंबकराव. चार वर्षांपूर्वीचे, कार्डावरच्या फोटोत कायमचे रागावलेले.

"अगं माय गं!" त्या म्हणाल्या आणि कुणालातरी विचारावं म्हणून कार्डासकट हात वर केला.

"थँक यू, मॅडम!" समोरचा जहाजावरचा तरुण आनंदाने म्हणाला. त्याला जाकीट घालून दाखवायला एक माणूस हवाच होता आणि इतक्या गर्दीत एकच हात वर झाला होता. राजाबाईंना बाकड्यावर उभं केलं गेलं. डोक्यातून नारिंगी जाकीट आलं, पट्टे आवळले, शिट्टी तोंडाशी लटकली.

"मला जायचंय," राजाबाई म्हणाल्या. "आमचे मालक..."

"मॅडम म्हणतात ते बरोबर आहे," तरुण लोकांना सांगू लागला. "संकटात आपल्या माणसांना शोधत बसायचं नाही. आधी स्वतःचं जाकीट."

दोनशे माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच वेळी सगळ्या जहाजभर कर्णा घुमला:

"सात हजार चौदाच्या राजाबाई शिंगाडे, राजाबाई शिंगाडे. आपण जिथे असाल तिथून तातडीने मुख्य दारापाशी यावं. गेट बंद व्हायला दहा मिनिटं आहेत."

राजाबाईंनी बाकड्यावरून उडी मारली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने, अनवाणी, नारिंगी जाकीट घालून गालिच्यावरून धूम ठोकली. वाट दाखवायला पुढे धावलेला तरुण मागे पडला. वाटेत पियानो वाजवणारा थांबला. एका म्हाताऱ्याला वाटलं, जहाज खरंच बुडतंय, आणि तो राजाबाईंच्या मागे धावू लागला. त्याच्या मागे त्याची बायको. मुख्य दाराशी पोचेपर्यंत राजाबाईंच्या मागे सातआठ माणसं धावत होती.

"हे घ्या!" त्यांनी कार्ड दारातल्या माणसाच्या हातात कोंबलं. "सोडा त्यांना, लवकर सोडा!"

मग त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि दाराकडे बघत राहिल्या. शिडीवाट रिकामी होती. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. घड्याळात तीन सत्तावीस झाले. शेवटी कापडी वाटेच्या टोकाला एक ओळखीची टोपी दिसली.

त्रिंबकराव वर आले ते धापा टाकत. त्यांनी राजाबाईंच्या जाकिटाकडे बघितलं, पायांकडे बघितलं.

"हे काय घातलंस? आन् चपला कुठायत?"

"वर हायेत."

"दोन तास!" त्यांचा आवाज चढला. "दोन तास मी त्या पोऱ्याच्या हातापाया पडत होतो. दोन मिनिटं थांबव म्हनलं जहाज, बायको येतेच हाय. तर तो म्हनतो, वेळ म्हंजी वेळ, काका. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं, राजे. पर कुनी मला सांगंल तवा इतकं वाईट लागतं, हे मला म्हाईत नव्हतं. काय करायलीस तू एवढा वेळ?"

खोटं सांगायला राजाबाईंकडे रॉड होता, अडवलेली बॅग होती, कवायत होती. पण त्यांच्या तोंडून खरंच बाहेर पडलं.

"समुद्र बघत होते."

"आन् मी?"

"तुमचा इसर पडला."

जाकिटातून डोकावणारा बायकोचा चेहरा वाऱ्याने तांबूस झाला होता आणि केस पिंजारले होते. असा चेहरा त्रिंबकरावांनी फार वर्षांत बघितला नव्हता.

"एवढा चांगला हाय का?" त्यांनी विचारलं.

"चला, दावते."

त्या त्यांना हाताला धरून त्या दारातून बाहेर घेऊन गेल्या. चपला होत्या तिथेच होत्या. दोघं कठड्याशी उभे राहिले. त्रिंबकरावांनी पाणी बघितलं, होड्या बघितल्या, पलीकडचे डोंगर बघितले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"व्हय," ते म्हणाले. "मानूस इसरंल. इसरायसारखंच हाय."

बराच वेळ ते तसेच उभे होते. पाच वाजत आले होते. पायाखालचा हलका थरथराट वाढला होता आणि धक्क्यावरची माणसं दोर सोडत होती. काम संपवून सरू तिकडून चालली होती. त्यांना बघून ती थांबली.

"आले का काका? लई छान! मावशी, हितं कशाला उभ्या ऱ्हायल्यात? आता चहा घ्या, आराम करा. समुद्र लागायला आजून तासभर हाय."

राजाबाईंनी वळून बघितलं. "लागायला म्हंजी? ह्यो काय हाय मग?"

"हे? हे बंदर, मावशी. नुस्तं बंदरातलं पानी. ते पलीकडं डोंगर दिसतात का न्हाई? ते संपले, काठ संपला, म्हंजी मग समुद्र."

सरू निघून गेली. त्रिंबकरावांनी अगदी सावकाश टोपी डोक्यावर चढवली.

"म्हंजी," ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "तू माझं कार्ड मुठीत धरून, मला धक्क्यावर उभा करून, जे बघत होतीस..."

पण राजाबाई ऐकतच नव्हत्या. त्या डोंगरांच्या रांगेकडे, ती जिथे उतरत उतरत पाण्यात विरत होती तिकडे, बघत होत्या.

"म्हंजी आजून हाय?" त्या म्हणाल्या.

जहाज हललं. त्यांनी जाकिटाचे पट्टे सोडले, चपला पायात घातल्या आणि त्रिंबकरावांना कोपराने जवळ ओढलं.

"बरंच झालं की मग," त्या म्हणाल्या. "खरा तुमच्यासंगटच बघू."